आत्याचा उजवा खांदा

पांढुर्ण्याला आत्याकडं राहून कॉलेजात होते तेव्हा रोज सकाळी मी आत्याचा अंबाडा बांधून द्यायची. ती पाटावर माझ्याकडं पाठ करून बसायची आणि आकडे दातात धरायची. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. डावा जायचा, पण एका हातानं अंबाडा बांधता येत नाही. मला कॉलेजची घाई असायची, त्यामुळं अंबाडा कधी मानेवर लोंबायचा, कधी एका कानाकडं सरकायचा. आरशात पाहून आत्या म्हणायची, "आज तं तू माह्या डोक्यावर पोळ्याचा बैलच सजवला बाप्पा."

म्हणायची आणि हसायची. पण दुपारी केस सुटले की ते तसेच मोकळे घेऊन ती माझी वाट पाहत बसायची, कारण शेजारणीला सांगायची तिला लाज वाटायची. चाळिशी अजून लांब होती तिची. स्वतःचे केस स्वतः बांधणं ही काही मोठी मागणी नव्हे. तेवढंही तिच्या हातात उरलं नव्हतं, आणि ते कशामुळं गेलं हे सगळ्या वस्तीला माहीत होतं.

आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाचं जेवण असतं. मटणाचा रस्सा आणि मटक्यावरच्या लांब रोट्या. कणीक इतकी सैल भिजवायची की हातातून ओघळावी. मग परातीत आपटून आपटून तिला तार आणायची. एक गोळा उचलून दोन्ही हातांवर झुलवायचा, हा हात वर, तो हात खाली, असं करत रोटी मनगटापासून कोपरापर्यंत लांबत जाते, पातळ होते, पलीकडचा जाळ तिच्यातून दिसायला लागतो. त्या क्षणी ती चुलीवर पालथ्या घातलेल्या मटक्यावर टाकायची. क्षण चुकला की फाटते. आत्याची फाटत नसे. तिचे हात हलायला लागले की पुरुषसुद्धा हातातली विडी विसरून पाहत उभे राहायचे. मी पाहिलेल्या सुंदर गोष्टींत ते हात आजही सगळ्यांत वर आहेत.

म्हणून तर घात झाला. वस्तीत लग्न असो, बारसं असो, कुणाची पुण्यतिथी असो, निरोप एकच, "वहिनीले सांगा." आत्या दिवसभर संत्र्याच्या बगीच्यात लाकडी पेट्या भरायची आणि संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात जाळापुढं बसायची. सगळ्यांची पंगत उठेपर्यंत रोट्या टाकत राहायची. तिच्या वाट्याला भगुण्याच्या तळाचा रस्सा यायचा. फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, रेल्वेच्या कामावर असताना अपघातात गेले, तेव्हा मूलबाळ नसलेल्या या बाईला वस्तीनं एकटं पडू दिलं नव्हतं. लोक रोज कुणी ना कुणी जेवण घेऊन यायचे. ते तिनं मनात धरून ठेवलं होतं. तेव्हापासून तिच्या तोंडून "नाही" हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

आणि मी तर पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायचे आणि पिशवीभर पत्रकं, पुस्तिका घेऊन मोहगावला परतायचे. आमच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकांची पेटी होती. शाळेच्या पुस्तकातली कविता पाठ व्हायच्या आधी मला "बेगार", "मानखंडना", "स्वाभिमान" हे शब्द वाचता येत होते. मेलेलं ढोर ओढायला जाऊ नका. पाटलाच्या अंगणात ताटकळू नका. शिळं घेऊ नका. नाही म्हणा! या "नाही म्हणा" पुढचं उद्गारचिन्ह मला फार आवडायचं. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रकं लिहायला लागले. चार मैत्रिणी मिळून आम्ही ती सायक्लोस्टाईल करायचो आणि बोटांना लागलेली शाई मिरवायचो.

पण त्या पेटीतल्या सगळ्या पत्रकांत, ज्याला नाही म्हणायचं तो माणूस वाईट असायचा. त्याच्या मिशा, त्याचा वाडा, त्याची काठी. जो आपलाच आहे, आपल्यासोबत रडला आहे, आणि "वहिनी, तुमच्या हाताची चव नाही वो कोणाले" असं म्हणत लोभानं दाराशी येतो, त्याला नाही कसं म्हणायचं? याचं पत्रक कुणीच काढलेलं नव्हतं. ते माझ्या आत्यानं काढलं. न लिहिता.

सौसरला एक हाडांचे डॉक्टर नागपूरहून येऊन बसत. दिवाळीनंतर मी आत्याला जवळजवळ ओढतच बसमधून तिथं नेलं. डॉक्टरांनी तिचा हात धरून वर न्यायला सुरुवात केली, आणि खांद्याच्या रेषेवर येताच ती ओरडली.

"काम काय करता बाई?"

"संत्र्याच्या पेट्या भरतो जी."

"तेवढ्यानं असं होत नाही. आणखी काय?"

आत्या भिंतीकडं पाहायला लागली. मी रोट्यांचं सांगितलं. डॉक्टरांनी स्वतःचे दोन्ही हात हवेत झुलवून पाहिले, असे का, म्हणून विचारलं. आत्याला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत.

"हा खांदा जाम होऊन राहिला आहे. उन्हाळ्याची लग्नं संपेपर्यंत कणकेला हात लावायचा नाही. रोज भिंतीसमोर उभं राहून बोटं वर चढवायची. हे केलं तर हात परत येईल. नाही केलं तर तो नुसता लोंबत राहील, तुमचा राहणार नाही."

घरी आल्यावर तिनं चुलीतला कोळसा घेतला, भिंतीसमोर उभी राहिली आणि उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवायला लागली. छातीच्या जरा वर जाऊन बोटं थांबली. तिथं तिनं कोळशानं एक रेघ ओढली. त्याच भिंतीवर वर कॅलेंडरचा खिळा होता.

"त्या खिळ्याले हात लागला का मी जितली," ती म्हणाली. कपाळावर घाम होता.

बगीच्यात तिनं पेट्या भरायचं सोडून संत्री निवडण्याचं बसकं काम मागून घेतलं. ते सोपं होतं. मालकाला सांगायचं होतं. अवघड होतं ते वस्तीला सांगणं.

थंडीत आमच्या गल्लीतल्या एका घरी लग्न निघालं, आणि आत्यानं तेच केलं जे आयुष्यभर सगळ्यांना खूश ठेवणारं माणूस करतं. तिनं खोटं सांगितलं. "माहा भाऊ बिमार हाय, मोहगावले जा लागते." भाऊ म्हणजे माझे बाबा. ते ठणठणीत होते. मीही सोबत गेले. आत्या इतकी खुशीत होती की बसमध्ये तिनं फुटाणे घेतले आणि शेजारच्या अनोळखी बाईलाही दिले.

मोहगावला पोचून आम्ही पाय धुतो न धुतो, तोच एक म्हातारी डोक्यावर मटकं घेऊन दारात हजर. तिच्या नातवाचं दुसऱ्या दिवशी बारसं होतं.

"पांढुर्ण्याची बाई आली म्हणे! माहं तं नशीबच उघडलं वो माय. मी म्हटलं, आता कोणाले बोलावू, तं ही घरीच चालून आली!"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं. आणि आम्हा दोघींनाही हसू आवरेना. म्हातारीला वाटलं, आम्ही आनंदानं हसतोय, म्हणून तीही हसायला लागली. मटकं तिनं ओसरीवर ठेवलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आत्यानं रोट्या केल्या. त्यानंतर तिचा हात असा सुजला की घास तोंडापर्यंत जाईना. आईनं तिला भरवलं, लहान पोरीला भरवावं तसं. बाबा, ज्यांच्या आजाराचं निमित्त सांगून ती आली होती, ते समोर बसून तिला म्हणाले, "तू मना काऊन नाई करत बाई?" आत्यानं घास गिळला आणि खाली पाहत म्हणाली, "तुमच्या पेटीत हाय का कसं मना करायचं ते?" पेटी बाबांच्या पाठीमागंच होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. ती म्हणाली, "खोटं बोलून काई होत नाई पोरी. खोटं बोललं का फकस्त गाव बदलते. मटकं तेच रायते."

घरी आल्यावर तिनं भिंतीवर बोटं चढवून पाहिली. बोटं पहिल्या रेघेच्याही खाली थांबली.

संक्रांतीच्या आसपास आमच्या वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांची बायको आमच्याकडं आले. या माणसाबद्दल वाईट लिहिता येणार नाही. फुफाजी गेले तेव्हा त्यांना घरी आणणं, रेल्वेच्या ऑफिसात हेलपाटे मारून कागदपत्रं करणं, सगळं यांनीच केलं होतं. मी त्यांना काका म्हणायची. त्यांच्या घरी नवा रंगीत टीव्ही आला होता आणि सगळी वस्ती त्यांच्या अंगणात बसून तो पाहायची. कुणाला हाकलत नसत.

काका खाटेवर टेकले. "वहिनी, पोरीचं लगन ठरलं. उन्हाळ्यात हाय. मांडवाच्या दिवशी तुमच्या रोट्या. नागपूरचे पाहुणे हायत, पाहतच रायले पाह्यजेत."

विचारलं नव्हतं त्यांनी. सांगितलं होतं, जसं सगळेच सांगत. आत्या चुलीजवळ उभी होती. मला तिचा चेहरा दिसत होता. तिनं पदर खोचला, सोडला, परत खोचला.

"लगनाले येईन भाऊजी," ती म्हणाली. "मांडवाले येईन. जेवाले येईन. रोट्या नाई करत."

काका हसले. काकी म्हणाल्या, "मस्करी करून राहिल्या का वो वहिनी?"

"मस्करी नाई."

"हात दुखते का? मी पोट्ट्या देतो ना चार मदतीले. तुमी फकस्त मटक्यावर टाका."

"मदत नको. करतच नाई मी आता."

"मंग कोण करन वो?"

"हे मले नाई मालूम."

हे वाक्य मी आजवर ऐकलेल्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा मोठं मानते. कारण आत्याच्या स्वभावाचं माणूस नाही म्हणालं, तरी लगेच दुसऱ्याची सोय लावून देतं. अमुकीला सांगा, तमुकीला मी शिकवते, कणीक तरी भिजवून देते. तिनं सोय लावली नाही. डॉक्टरांचा कागद डब्याखाली होता, तोही काढून दाखवला नाही. शब्द तिथंच ठेवला आणि उभी राहिली.

काकांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दादा गेला तवा ह्याच वस्तीनं..."

"हाव भाऊजी," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता थरथरत होता, पण थांबत नव्हता. "विसरली नाई. जलमभर विसरणार नाई. तुमी केलं, माणूस म्हणून केलं. तवा तुमी माहा हात मागितला नोता. आता मी तो तोडून देऊ का?"

काका उठले. काकींनी आमंत्रणाचं, हळदीकुंकू न लावलेलं साधं पाकीट पाटावर ठेवलं आणि त्याही उठल्या. चहा तसाच राहिला. ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाल्यावर आत्या मटकन खाली बसली.

"चहा गरम कर," ती म्हणाली. "साखर जास्त टाक. आज मले लागते."

मग नळावरची तोंडं सुटली. तिथं कुणीच कुणाचं नाव घेऊन बोलत नाही, पण कुणाबद्दल बोलतात हे सगळ्यांना कळतं. "आता काय बाप्पा, महाराणी झाल्या काई लोक." "हो ना वो, पंखा घालाले कोणी ठेवा."

आत्या डाव्या हातानं बादली उचलत म्हणाली, "ठेवा ना वो. उन्हाळा येऊनच राहिला."

नळावरच्या तिघींतल्या दोघी हसल्या, तिसरी हसली नाही. आत्या घरी आली आणि रेडिओ लावून आडवी झाली. रविवारी दुपारी झोपलेली आत्या मी पहिल्यांदा पाहत होते. तोंड थोडं उघडं, हात उशीवर. मी दार लोटून बाहेर बसले आणि कुणी हाका मारायला आलं तर सांगायचं काय याची तयारी करत राहिले. कुणी आलं नाही.

ते मला सोसवेना. तिच्याकडं येणं लोकांनी कमी केलं होतं, आणि माझं रक्त उकळत होतं. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा होता, "वस्तीतली बेगार बंद करा!" उद्गारचिन्हासकट. त्यात काकांचं नाव नव्हतं, पण रंगीत टीव्ही होता. स्टेन्सिल कापायच्या आधी मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती मसुराची डाळ निवडत ऐकत होती. शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिहितं तू," ती म्हणाली. "हे नाई छापायचं."

"काऊन? खरं नाही का यातलं?"

"भाऊजी पाटील हाय का? त्यायनं मले काठी मारली का? ते आपले हायत. आपल्या माणसाले नाई म्हणा लागते. आपटा नाई लागत."

मी चिडले. हा प्रश्न एका माणसाचा नाही, तत्त्वाचा आहे, आज तू आहेस, उद्या दुसरी असेल, असं बरंच बोलले. पत्रकांच्या भाषेत मला खूप बोलता येत होतं.

"तत्त्व तुहं हाय," आत्या म्हणाली. "खांदा माहा हाय." मग डाळीतला खडा उचलून तिनं बाजूला ठेवला. "आन् आता तुलेबी मी नाईच म्हणून राहिली, ध्यानात घे."

मला तिचा राग आला होता आणि त्याच वेळी तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं. ज्या बाईनं जन्मभर कुणाला दुखवलं नव्हतं ती आता वस्तीला दुखवायला तयार होती, आणि वस्तीला दुखवू पाहणाऱ्या भाचीलाही. शौर्य म्हणजे मोर्चा, असं मी समजत होते. हे शौर्य डाळ निवडत बसलं होतं. मी पत्रक फाडलं नाही, पण छापलंही नाही.

भिंतीवर रेघा चढत गेल्या. कधी दोन रेघांत बोटभर अंतर, कधी एकीवर दुसरी. कधी हात दुखून ती भिंतीला कपाळ टेकून तशीच उभी राहायची. होळीला रेघा खिडकीच्या वरच्या चौकटीला आल्या. चैत्रात एका सकाळी तिनं मला हाक मारली. तिची मधली बोटं कॅलेंडरच्या खिळ्याला टेकली होती आणि ती हात काढायला तयार नव्हती. "पाह्य," एवढंच म्हणाली. मी पाहिलं. कॅलेंडर हलत होतं.

मांडवाच्या दिवशी मी फणी घेऊन तिच्या मागं बसले.

"सर बाजूले," ती म्हणाली.

तिनं दोन्ही हात वर नेले. उजवा हळूहळू गेला, दातात धरलेले आकडे ओठांसकट थरथरले. केसांना पीळ दिला, गोल फिरवला, एकेक आकडा खोचला. वेळ लागला. अंबाडा जरासा सैल होता, अगदी मधोमध नव्हता. मी बांधलेल्या कुठल्याही अंबाड्यापेक्षा तो तिच्या डोक्यावर शोभत होता. निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून ती निघाली, आणि मी मागून चालत त्या अंबाड्याकडंच पाहत होते.

मांडवामागं चुली पेटल्या होत्या. एक नव्हे, रांगेनं. प्रत्येक चुलीवर मटकं, प्रत्येक मटक्यापाशी दोघी-दोघी बाया. काकी स्वतः कोपरापर्यंत कणकेनं माखल्या होत्या. रोट्या आखूड होत होत्या, भोकं पडत होती, आणि बाया एकमेकींच्या रोट्यांना नावं ठेवत हसत होत्या. नळावरच्या त्या तिघीही तिथं होत्या. आत्याला पाहून सगळ्या गप्प झाल्या.

काकींच्या हातावरची रोटी तेवढ्यात मधोमध फाटली. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पाहा ना वो वहिनी, कशी फाटून राहिली!"

आत्याचे हात तिच्या नकळत पुढं झाले. मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मग तिनं ते हात पदरात गुंडाळले.

"फाटली तं फाटली," ती म्हणाली. "रश्शात बुडवली का कोणाले दिसते?"

काकीच आधी हसल्या. खळखळून, डोळे पुसत. कणकेचा हात गालाला लागला. "बसा वो तुमी," त्या म्हणाल्या. "जा, पंगतीत बसा. पहिल्याच पंगतीत."

मी आत्याच्या शेजारी बसले. तिला बसताना कसं बसायचं ते कळत नव्हतं. आधी ती कडेला बसली, मग मधे सरकली. पत्रावळीवर एक भोक पडलेली रोटी आली. तिनं ती उचलून भोकातून माझ्याकडं पाहिलं आणि डोळा मिचकावला. मग ती जेवली. घाई न करता, हाडं चोखत. तिची पत्रावळ रिकामी झाली.

काका रश्शाची बादली घेऊन पंगतीच्या दुसऱ्या टोकाला वाढत होते. संक्रांतीपासून ते आमच्या दारात आले नव्हते. आत्यानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि उजवा हात वर केला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, अंबाड्याच्याही वर, सरळ.

"भाऊजी!" तिनं सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी हाक मारली. "इकडं रस्सा आणा!"

काका वळले. बादली हिंदकळवत जवळजवळ धावतच आले. ते पोचेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.